एडिसनची बॅटरी

मुलांनो, थॉमस आल्वा एडिसन हे नाव ऐकले की तुम्हांला विजेचा दिवा आठवतो. दिव्याची गोष्ट तुम्ही पूर्वी वाचली असेल, म्हणून ती मी येथे पुन्हा सांगत नाही. मी सांगणार आहे ती एका बॅटरीची गोष्ट. या बॅटरीसाठी एडिसनने आयुष्याची दहा वर्षे घालवली. बॅटरी उत्तम झाली, पण ज्या कामासाठी त्याने ती केली, ते काम मात्र झाले नाही.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. शाळेत तो थोडेच दिवस गेला. आईनेच त्याला घरी शिकवले. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. लहानपणापासूनच त्याला कमी ऐकू येत असे. पुढे तो तारयंत्रावर काम करायला शिकला. १८७७ मध्ये त्याने आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे यंत्र तयार केले, १८७९ मध्ये विजेचा दिवा केला आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले.

या वीजघरातून घरोघरी वीज जात होती ती एकाच दिशेने वाहणारी. एडिसनचा प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउस हा उलटसुलट वाहणारी वीज विकत होता. ती तारांमधून लांबवर नेता येत असे. एडिसनने तिला फार विरोध केला. ती किती धोक्याची आहे हे दाखवण्यासाठी त्याच्या प्रयोगशाळेत मुक्या जनावरांचे प्राण घेतले गेले. एवढा मोठा माणूस, पण या भांडणात तो चुकला असेच म्हणावे लागते. शेवटी वेस्टिंगहाउसचीच वीज सगळीकडे पसरली. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येईल.

आता १९०० साल डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतील शहरांत घोडागाड्या धावत आहेत. त्यांच्यामधून नव्या मोटारी जात आहेत. काही वाफेवर चालतात, काही पेट्रोलवर आणि काही विजेवर. तुम्हांला नवल वाटेल, पण त्या वेळी विजेच्या मोटारी थोड्या नव्हत्या. सुमारे तीन मोटारींत एक विजेची असे. पेट्रोलची मोटार सुरू करायची तर पुढे उभे राहून लोखंडी दांडा जोराने फिरवावा लागे. दांडा उलटा फिरला तर हातच मोडायचा! विजेची मोटार मात्र आवाज न करता, धूर न सोडता चालू लागे. डॉक्टर आणि स्त्रिया तिलाच पसंत करत.

तिची अडचण एकच होती, ती म्हणजे बॅटरी. ती शिशाची आणि तेजाबाची असे. शिसे फार जड, आणि तेजाब आजूबाजूचे सगळे खाऊन टाकणारे. एडिसनने ठरवले की शिसेही नको आणि तेजाबही नको. त्याने आणि त्याच्या माणसांनी हजारो प्रयोग केले. अखेर लोखंड, निकेल आणि तेजाबाऐवजी एक क्षार, असा मेळ जमला. १९०३ मध्ये बॅटरी बाजारात आली. थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागल्या. बॅटऱ्या गळत होत्या, त्यांची शक्तीही कमी होत होती. १९०४ मध्ये एडिसनने विक्री बंद केली. विकलेल्या बॅटऱ्या त्याने परत घेतल्या आणि पुन्हा कामाला लागला. नव्या बॅटऱ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून पाहिल्या, मोटारीत घालून खडबडीत रस्त्यांवर पळवल्या. १९०९ मध्ये सुधारलेली बॅटरी तयार झाली. ती वर्षानुवर्षे टिकत असे.

पण ही पाच वर्षे महागात पडली. १९०८ मध्ये हेन्री फोर्डने आपली 'मॉडेल टी' ही पेट्रोलची स्वस्त मोटार आणली. ८५० डॉलरांची ही मोटार पुढे तर आणखी स्वस्त झाली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीला बटणाने इंजिन सुरू करण्याची सोय आली, दांडा फिरवण्याचे काम संपले. शिशाची बॅटरी करणाऱ्या एक्साइड कंपनीनेही आपला माल सुधारला. एडिसनची बॅटरी चांगली होती, पण महाग होती, आणि थंडीत तिची शक्ती कमी होत असे.

सर्वांत मोठा प्रश्न होता चार्ज करण्याचा. पेट्रोल डब्यात भरून खेड्यातील दुकानातही विकता येत होते. वीज डब्यात कशी भरणार? अमेरिकेतील खेड्यांत १९३० च्या सुमारासही दहा शेतघरांपैकी एखाद्यातच वीज होती. शहरात वीज होती, पण ती वेस्टिंगहाउसची! बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीजच चालते. म्हणून घरी वीज बदलून देणारे वेगळे यंत्र विकत घ्यावे लागे. हार्टफर्ड शहरातील वीज कंपनीने एक चांगला उपाय केला. ट्रक तुमचा, बॅटरी कंपनीची. रिकामी झाली की बदलून घ्या आणि जितके अंतर चालाल तितके पैसे द्या. ही सोय १९२४ पर्यंत चालली. अशी सोय गावोगावी झाली असती तर? असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

फोर्ड एडिसनला फार मानत असे. १९१४ मध्ये दोघांनी मिळून विजेची स्वस्त मोटार काढण्याचे ठरवले. फोर्डची पत्नी क्लारा तर विजेचीच मोटार चालवत असे. तरीही ती मोटार कधी बाजारात आलीच नाही. आज त्याच फोर्डच्या कंपनीने २०२३ मध्ये टेस्ला या दुसऱ्या कंपनीशी करार केला. टेस्लाने २०१२ पासून स्वतःची चार्जिंग केंद्रे रस्तोरस्ती उभारली होती. फोर्डच्या मोटारींनाही तेथे चार्ज करता यावे, यासाठी हा करार होता.

एडिसनची बॅटरी वाया गेली नाही. खाणीतील मजुरांच्या दिव्यांत आणि रेल्वेच्या सिग्नलांत ती वापरली गेली. १९१६ मध्ये तिच्यातून निघालेल्या वायूचा एका पाणबुडीत स्फोट झाला आणि माणसे दगावली. तो डागही तिला लागला. एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वारला. त्याचा बॅटरीचा व्यवसाय १९७२ मध्ये विकला गेला. तो घेणारी कंपनी होती एक्साइड. तीन वर्षांनी तिने निकेल आणि लोखंडाची बॅटरी करणे बंद केले.