ली डी फॉरेस्ट : व्हॉल्व्हचा जनक

संशोधकांची चरित्रे वाचताना आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो. ती ही, की ज्याने एखादी वस्तू शोधून काढली त्याला ती पुरतेपणी उमगलेली होती. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाचे चरित्र या समजुतीला धक्का देते. ज्या व्हॉल्व्हमुळे रेडिओ घरोघर बोलू लागला आणि ग्रामोफोनवरचे गाणे सारी खोली भरून टाकू लागले, तो व्हॉल्व्ह त्यांनी घडविला. पण तो कसा चालतो हे त्यांना स्वतःला मात्र कित्येक वर्षे नीट कळले नव्हते!

२६ ऑगस्ट १८७३ रोजी आयोवा राज्यातील कौन्सिल ब्लफ्स या गावी त्यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. ली लहान असतानाच वडील अलाबामा राज्यातील टॅलाडेगा कॉलेजचे अध्यक्ष झाले. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या शिक्षणासाठी हे कॉलेज काढलेले होते. साहजिकच गावातील गोऱ्यांनी या कुटुंबाला जवळजवळ वाळीतच टाकले. एकाकी पडलेल्या या मुलाचे मन यंत्रांत रमले. मुलाने आपल्याप्रमाणेच धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा, तर मुलाला संशोधक व्हायचे होते. मुलाने काय शिकायचे हे आपल्याकडेही बहुधा वडीलच ठरवितात. येथे मात्र शेवटी मुलाचा हट्ट टिकला. १८९३ साली ते येल विद्यापीठात दाखल झाले, पडेल ते काम करून शिकले आणि १८९९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

तो काळ मार्कोनीच्या बिनतारी संदेशांचा होता. डी फॉरेस्ट यांनीही त्याच क्षेत्रात उडी घेतली. १९०२ साली त्यांच्या नावाने कंपनी निघाली, शेअर्स विकले गेले. पण व्यवहाराची सूत्रे दुसऱ्यांच्या हाती होती आणि १९०६ साली त्यांना स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी त्यांच्या हातून आयुष्यातील सर्वांत मोठे काम झाले, हा दैवयोगच म्हणावयाचा!

इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला होता. काचेच्या नळीत एक तंतू तापवायचा. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन समोरच्या धातूच्या पट्टीकडे जातात, उलट येत नाहीत. डी फॉरेस्ट यांनी तंतू आणि पट्टी यांच्यामध्ये तारेची एक जाळी बसविली. एवढाच काय तो फरक! पण उसाला दारे धरणाऱ्या माणसाला त्याचे महत्त्व लगेच पटेल. पाटाच्या तोंडाशी फावडेभर माती इकडची तिकडे केली की सारा लोंढा वळतो. तसेच जाळीवरचा विजेचा दाब किंचित बदलला की पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमीजास्त होतो. क्षीण आवाज मोठा होतो तो असा. या नळीला ऑडिऑन हे नाव मिळाले.

मात्र नळीत थोडा वायू शिल्लक असला तरच ती काम करते, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे एक ऑडिऑन दुसऱ्यासारखा वागत नसे. १९१२ साली कॅलिफोर्नियात त्यांनी एकापुढे एक ऑडिऑन जोडून आवाज वाढवून दाखविला. पण पुढच्याच वर्षी शेअर्स विक्रीतील फसवणुकीच्या आरोपावरून ते न्यायालयात उभे होते. सरकारी वकिलांनी ऑडिऑनची निरुपयोगी वस्तू म्हणून संभावना केली. डी फॉरेस्ट निर्दोष सुटले, काही सहकाऱ्यांना मात्र शिक्षा झाली.

त्याच १९१३ साली अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने टेलिफोनसाठी ऑडिऑन वापरण्याचे हक्क ५०,००० डॉलर्सना घेतले. तिच्या हॅरॉल्ड अर्नोल्ड या शास्त्रज्ञाने नळीतील वायू जवळजवळ पूर्ण काढून टाकला आणि बेभरवशाची नळी भरवशाची झाली. १९१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोशी बोलणे सुरू झाले ते याच जोरावर. इकडे एडविन आर्मस्ट्राँग या तरुणाने मोजमाप करून ऑडिऑनचे कार्य उलगडून दाखविले. पुढे एका मंडलाच्या पेटंटावरून दोघांत वर्षानुवर्षे खटला चालला. १९३४ साली सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. पण जाणत्या इंजिनिअरांपैकी अनेकांचे मत आर्मस्ट्राँगच्या बाजूचेच राहिले.

जाळीच्या पेटंटाची मुदत १९२५ साली संपली आणि हळूहळू व्हॉल्व्ह सामान्यांच्या आवाक्यात आला. आपल्या देशात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास सुरुवात केली. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचा मोठा गुण म्हणजे तो गरिबालाही दुरुस्त करता येतो. व्हॉल्व्ह सॉकेटात बसविलेला असतो. गेला की उपसून दुसरा बसवावा. सतत घुंऽऽ असा आवाज येऊ लागला तर बहुधा वीजपुरवठ्याचा कंडेन्सर वाळलेला असतो. शेवटच्या व्हॉल्व्हची पट्टी लालबुंद होऊ लागली तर त्याच्या जाळीकडे जाणारा कंडेन्सर झिरपतो आहे काय ते आधी पाहावे. नाही तर नवा व्हॉल्व्हही तसाच जळतो. मात्र आत दोनशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरात साठून राहतो, हे विसरणे जिवावर बेतू शकते.

आमच्या बाजारपेठेत असे जुने सेट दुरुस्त करणारे एक काका आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. पण जाळीवर नको तो दाब आला की व्हॉल्व्ह का तापतो, हे ते कागदावर रेघा मारून समजावून देतात. येलच्या डॉक्टरला १९०६ साली जे उमगले नव्हते ते या काकांना उमगलेले आहे!

म्हणून डी फॉरेस्ट यांची थोरवी कमी होत नाही. पुढे त्यांनी बोलपटाच्या मागे लागून १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये आवाजासह छोटे चित्रपट दाखविले. पण त्यातही पैसा दुसऱ्यांनीच मिळविला. १९६० साली त्यांना ऑस्करचा विशेष सन्मान लाभला. ३० जून १९६१ रोजी हॉलिवूडमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बँकेतील शिल्लक अवघी साडेबाराशे डॉलर्सच्या आसपास होती. अज्ञाताच्या अंधारात हात घालण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते आणि त्या धैर्याविना जाळी बसलीच नसती. पण हाती आलेली वस्तू समजून घेण्याची चिकाटी इतरांनी दाखविली, तेव्हाच ती जगाच्या उपयोगी पडली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पदवी म्हणजे ज्ञान, असे घरची माणसे भाबडेपणाने मानतात. डी फॉरेस्ट यांचे चरित्र मला सांगते, की पदवी हाती येणे वेगळे आणि विषय उमगणे वेगळे. मित्रहो, पदवी तर आपण सारे मिळवूच. पण काय उमगले, असे कोणी विचारले तर चार रेघा मारून समजावून देता आले पाहिजे!