मोबाइल गेममधला नकाशा आला कुठून? लेफ्टनंट राइसविट्सची गोष्ट



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी ठरवलं की मोबाइल जरा बाजूला ठेवायचा आणि टेबलावर स्ट्रॅटेजी गेम खेळायचा. नकाशा आपलाच, आपल्या गावाच्या आसपासचा. मी उत्साहात मोबाइलवर मॅप उघडला, स्क्रीनशॉट काढला आणि फ्लेक्सवाल्याला पाठवला. साइज सांगितली एक मीटर बाय एक मीटर. संध्याकाळी फ्लेक्स उलगडला तर रस्ते म्हणजे नुसते फरकाटे, आणि गावांची नावं वाचताच येईनात!

चूक माझीच होती. माझा स्क्रीनशॉट १०८० पिक्सेल रुंद. तो एक मीटरवर ताणला की एका इंचात जेमतेम २७ पिक्सेल येतात. जवळून वाचायच्या नकाशाला इंचाला निदान १५० तरी हवेत, म्हणजे एका मीटरला साधारण ५९०० पिक्सेल.

पैसे गेले ते गेलेच. पण मोठा नकाशा नीट कसा छापायचा हे शोधता शोधता मला एक माणूस सापडला. दोनशे वर्षांपूर्वी तोही याच भानगडीत पडला होता. तुम्ही मोबाइलवर जो कुठला स्ट्रॅटेजी गेम खेळता, त्यात त्याचा थोडा तरी हात आहे. गेमिंगचा इतिहास वाचणाऱ्यांमध्ये त्याचं नाव मोठं आहे. गेऑर्ग फॉन राइसविट्स, प्रशियाच्या सैन्यातला तोफखान्याचा लेफ्टनंट. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

वडिलांचं टेबल

राइसविट्सचा जन्म १७९४ चा. प्रशिया म्हणजे आजच्या जर्मनी आणि पोलंडच्या भागात पसरलेलं तेव्हाचं राज्य. वडील ब्रेस्लाऊ शहरात सरकारी अधिकारी होते. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. वडील सैनिक नव्हते, पण त्यांना युद्धाच्या खेळांचं भारी वेड.

युद्धाचा खेळ तेव्हा नवा नव्हता. १७८० मध्ये हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने बुद्धिबळासारखाच, पण दीड हजाराहून जास्त घरांचा पट बनवला होता. घरांना वेगवेगळे रंग, कुठे डोंगर तर कुठे पाणी. तरी अडचण एक होतीच. खरी नदी काही चौकोनात वाहत नाही, आणि खरं सैन्य घरं मोजत चालत नाही.

वडिलांनी चौकोन टाकून दिले आणि वाळूत डोंगर-दऱ्या करून खेळ मांडला. हे राजपुत्रांच्या कानावर गेलं आणि त्यांच्याकडून राजाच्या. राजाला खेळ बघायचा होता. आता राजवाड्यात वाळूचं घमेलं घेऊन कसं जायचं? म्हणून वडिलांनी वेळ मागून घेतला आणि १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याला एक भलंमोठं लाकडी टेबल नेऊन दिलं.

टेबल होतं जवळपास सहा फुटांचं. वर बसवायला प्लास्टरच्या छोट्या चौकोनी फरश्या. कुणावर टेकडी, कुणावर नदीचं वळण, कुणावर गाव. फरश्यांची जागा बदलली की नवा प्रदेश तयार. खाली कप्पे, त्यात सगळं सामान ठेवायचं. आपण आज ज्याला टाइल-बेस्ड मॅप म्हणतो ना, तेच हे, फक्त प्लास्टरमध्ये! राजाला ते फार आवडलं आणि राजघराण्यातली मंडळी त्यावर खेळायला लागली.

पण विचार करा, असं टेबल किती जणांकडे असणार? बनवायला महाग, उचलायला जड, ठेवायला खोली हवी. वडिलांचा खेळ राजवाड्यातच अडकला.

मुलाने फरश्या काढून कागद आणला

हा प्रश्न सोडवला मुलाने. तो बर्लिनला तोफखान्यात नोकरीला होता. सोबतचे काही तरुण अधिकारी गोळा करून त्याने वडिलांचा खेळ पुन्हा नव्याने बांधायला घेतला. पहिलं काम कोणतं, तर प्लास्टर काढून टाकलं आणि त्याजागी कागदी नकाशा आणला.

स्केल ठरवलं १:८०००. मला हा आकडा फार आवडतो. याचा अर्थ नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ८० मीटर, आणि एक किलोमीटर म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. त्यामुळे ८ किलोमीटर लांबरुंद प्रदेश बरोबर एक मीटरच्या कागदावर बसतो. खेळाची एक चाल म्हणजे दोन मिनिटं. सैनिक तेवढ्यात दीडशे मीटर चालला असं धरलं, तर सोंगटी नकाशावर दोन सेंटिमीटरही सरकत नाही. म्हणजे नकाशा मोठा का हवा ते कळलं ना? स्केल लहान घेतलं असतं तर सोंगटी हललेली दिसलीच नसती.

पण एवढ्या मोठ्या स्केलचे नकाशे तयार मिळत नव्हते. प्रशियाच्या लष्कराने १८२२ पासून जी नवी मोजणी सुरू केली, तिचं स्केल होतं १:२५०००. राइसविट्सला त्याच्या तिप्पट मोठं हवं होतं. म्हणजे नकाशा खेळासाठी मुद्दाम काढायचा आणि मग त्याच्या प्रती छापायच्या.

छपाईचे मार्ग तेव्हा मुख्यतः दोन. एक जुना, तांब्याच्या पत्र्यावर एकेक रेघ उलटी कोरायची. सुबक, पण वेळखाऊ. दुसरा नवा, शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफी. ही १७९० च्या दशकाच्या शेवटी म्युनिकमध्ये झेनेफेल्डरने शोधली. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने काढायचं, दगड ओला करायचा, मग रंग लावायचा. पाणी असेल तिथे रंग बसत नाही, रेघेवर बसतो. कोरायचं कामच नाही, त्यामुळे नकाशे छापणं पुष्कळ स्वस्त झालं. कागदाचं बळ इथेच आहे. टेबल एकच बनतं, नकाशाच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात.

तुमच्या मोबाइलमध्ये जे आहे, ते त्याच्या खोक्यात होतं

१८२४ मध्ये राइसविट्सचं नियमांचं पुस्तक छापून आलं. खेळाचं नाव क्रीगश्पील, म्हणजे युद्धखेळ. आता यातली एकेक गोष्ट बघा आणि तुमचा आवडता गेम आठवा.

सोंगट्या दोन रंगांच्या, लाल आणि निळ्या. प्रत्येक सोंगटी म्हणजे सैन्याची एक तुकडी. मार बसला की तुकडी बुद्धिबळासारखी एकदम पटावरून जात नाही, तिची ताकद हळूहळू कमी होते. म्हणजे आपली हेल्थ बार!

किती मार बसला ते फाशावर ठरायचं, पण नुसत्या नशिबावर नाही. शार्नहोर्स्ट या प्रशियन सेनापतीने बंदुका-तोफांच्या चाचण्या घेतल्या होत्या. अशा खऱ्या आकड्यांवरून राइसविट्सने तक्ते केले. अंतर जास्त तर नुकसान कमी. गेम डिझायनर आज ज्याला डॅमेज टेबल म्हणतात ते हेच.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पंच. खेळाडू सोंगट्यांना स्वतः हात लावत नसत. ते आपले हुकूम पंचाला कळवत, आणि सोंगट्या पंच हलवत असे. शत्रूची जी तुकडी समोरच्याला दिसू शकते तेवढीच नकाशावर ठेवायची. टेकडीमागे कोण लपलंय ते कळायचंच नाही. मोबाइल गेममध्ये नकाशाचा न पाहिलेला भाग काळा असतो ना, त्या फॉग ऑफ वॉरचं हे जुनं रूप. फरक इतकाच की आज पंचाचं काम सर्व्हर करतो.

एका संध्याकाळी नशीब उघडलं

राजपुत्र विल्हेल्मने, जो पुढे जर्मनीचा सम्राट झाला, हा खेळ पाहिला आणि सैन्याच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांच्याकडे शब्द टाकला. राइसविट्स आपल्या मित्रांना घेऊन त्यांच्याकडे गेला. म्युफ्लिंग सुरुवातीला थंडच होते. पोरांचा खेळ बघायला वेळ कुणाला? पण नकाशा पसरला, हुकूम सुटू लागले, सोंगट्या सरकू लागल्या, आणि साहेबांचं मत पालटलं. हा खेळ नसून युद्धाची शाळा आहे अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी लष्कराच्या साप्ताहिकात खेळाची जाहीर शिफारस केली. पुढे राजाचा हुकूम निघाला की प्रत्येक रेजिमेंटने याचा संच घ्यावा.

आता संच पुरवायचे कुणी? राइसविट्सनेच. त्याने कामगार लावून सोंगट्या, तक्ते, नकाशे यांचे संच बनवायला सुरुवात केली. वडिलांच्या टेबलाला खोली लागायची, मुलाचा खेळ खोक्यात घालून कुठल्याही छावणीत जाऊ लागला.

आणि मग

इथून पुढचं लिहिताना मला जड जातं. तिशीतल्या एका लेफ्टनंटचं नाव राजापर्यंत पोहोचलं, हे सगळ्यांना रुचलं नाही. नकाशावर मोठमोठी सैन्यं हलवून पोरं स्वतःला सेनापती समजायला लागतील, असंही काही जुन्या अधिकाऱ्यांना वाटत होतं. १८२६ च्या सुमारास राइसविट्सला कॅप्टन केलं, पण बर्लिनमधून उचलून तोरगाऊला पाठवलं. वर वर पाहता बढती. त्याला मात्र ती शिक्षा वाटली. मित्र, खेळ, चाललेलं काम, सगळंच मागे राहिलं. १८२७ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. पुढच्याच वर्षी वडीलही गेले.

मला राहून राहून वाटतं, त्याने थोडी वर्षं थांबायला हवं होतं. त्याचा खेळ खेळणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांत मोल्टके नावाचा एक जण होता. तो १८५७ मध्ये जनरल स्टाफचा प्रमुख झाला आणि त्याने या खेळाला पाठबळ दिलं. प्रशियाने १८६६ मध्ये ऑस्ट्रियाला आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्सला हरवल्यावर बाकीच्या देशांचीही नजर या खेळाकडे वळली. इंग्लंड-अमेरिकेत त्यावरून नियमांची पुस्तकं निघाली. अमेरिकेतल्या अशाच एका जुन्या पुस्तकावरून १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या मुलांनी नवे खेळ रचले, आणि त्यातूनच १९७४ चा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला. तिथून कॉम्प्युटर आणि मग आपला मोबाइल. यातलं काहीच त्याला दिसलं नाही.

(मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला असं सगळं संपल्यासारखं वाटत असेल तर एकट्याने सोसू नका. घरच्यांशी, मित्राशी बोला, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर फोन करा.)

माझा दुसरा नकाशा

राइसविट्स वाचल्यावर मी पुन्हा नकाशा केला. या वेळी त्याच्याच स्केलने, १:८०००. तुम्हालाही करायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा.

१. स्क्रीनशॉट नको. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशावरून एसव्हीजी किंवा पीडीएफ काढा. ती कितीही मोठी केली तरी रेघ फाटत नाही.

२. नकाशाच्या कोपऱ्यात १० सेंटिमीटरची एक रेघ काढा. छापल्यावर फूटपट्टीने मोजा. ती साडेनऊ भरली तर दुकानदाराने फिट टू पेज चालू ठेवलं होतं असं समजा. प्रिंट नेहमी १०० टक्क्यांवरच काढायची.

३. प्लॉटर जवळपास नसेल तर पीडीएफच्या पोस्टर पर्यायाने ए-४ कागदांवर छापा. एक मीटर चौरसाला, सगळीकडून एक सेंटिमीटर समास सोडला तर, आडवी ६ आणि उभी ४ अशी २४ पानं लागतात.

४. फ्लेक्सला घडी घालू नका, पांढरी रेघ पडते ती जात नाही. जाड नळीवर, छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. मग टेबलावर पसरल्यावर कडा वर उचलत नाहीत.

५. कागदी नकाशा घडी घालून ठेवायचा असेल तर जुनी लष्करी युक्ती आहे. नकाशा कापून तुकडे करा आणि दोन-तीन मिलिमीटर फट सोडून मांजरपाटावर खळीने चिकटवा. घडी फक्त कापडावर पडते, कागद शाबूत राहतो. पावसाळ्यात नळीत किंवा डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

मी पाचवा मार्ग निवडला. सहा तुकडे केले, आणि आता आमचं अख्खं आठ किलोमीटरचं रणांगण कॉलेजच्या सॅकमध्ये मावतं. मागच्या रविवारी खेळलो तेव्हा पंच मी होतो. टेकडीमागे लपवलेली लाल तुकडी मी शेवटच्या चालीपर्यंत नकाशावर ठेवली नाही. ती ठेवल्यावर समोरच्याचा चेहरा जो काही झाला, तो बघायला राइसविट्स हवा होता.

भेटू पुढच्या लेखात!