आडव्या पट्ट्यांमागचा माणूस : हेन्री गँट

एमएस प्रोजेक्ट उघडलं की डावीकडे कामांची यादी दिसते आणि उजवीकडे निळ्या आडव्या पट्ट्या. सिव्हिलवाले प्रायमाव्हेरा वापरतात, तिथेही त्याच पट्ट्या. फायनल इयरच्या रिपोर्टमध्ये तर गँट चार्टचं एक पान असतंच असतं. ते पान बहुतेक वेळा प्रोजेक्ट संपल्यावर बनवलं जातं, हे गाइडलाही माहीत असतं आणि आपल्यालाही. पण हा गँट कोण, असं विचारलं तर निम्म्या हॉस्टेलला वाटेल की तो कशाचा तरी शॉर्टफॉर्म असणार. पर्ट आहे, सीपीएम आहे, तसाच गँट! तर मित्रहो, तो शॉर्टफॉर्म नाही. तो एक माणूस होता, आपल्यासारखाच इंजिनिअर, मेकॅनिकल ब्रँचचा.

हेन्री लॉरेन्स गँट याचा जन्म २० मे १८६१ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, कॅलव्हर्ट काउंटीत झाला. घरची मोठी शेती होती आणि त्या शेतीवर राबायला गुलाम होते. त्याच्या जन्माच्या महिनाभर आधीच अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटलं होतं. युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि गँट कुटुंबाची श्रीमंतीही गेली. सगळे बाल्टिमोरला आले. मुलाला मॅकडोनो नावाच्या शाळेत घातलं. ही गरीब मुलांसाठी काढलेली बोर्डिंग शाळा होती आणि तिथे अभ्यासाबरोबर शेतात कामही करावं लागे. म्हणजे हाही हॉस्टेलचाच! ज्या घरात दुसऱ्यांच्या घामावर सगळं चाललं होतं, त्या घरातला मुलगा स्वतः नांगराला लागला. पुढे आयुष्यभर तो कामगाराच्या बाजूने का विचार करत राहिला, याचं थोडं उत्तर मला इथे सापडतं.

१८७८ साली शाळा संपली. १८८० साली, एकोणिसाव्या वर्षी, तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडला. मग तीन वर्षं आपल्याच शाळेत मास्तरकी केली आणि नंतर स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून १८८४ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला. थोडे दिवस ड्राफ्ट्समन, मग परत त्याच शाळेत शिक्षक. ही मास्तरकी त्याच्या अंगात अशी काही भिनली की पुढे मोठमोठ्या कारखान्यांत गेला तरी ती सुटली नाही.

१८८७ साली तो फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत लागला आणि तिथे त्याची गाठ पडली फ्रेडरिक टेलरशी. इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरमध्ये येतो तोच हा टेलर, स्टॉपवॉचवाला. टेलरच्या हाताखाली गँट बरीच वर्षं राहिला, पुढे बेथलेहेम स्टीलमध्येही दोघे बरोबर होते. टेलरची पद्धत कडक होती. ठरलेलं काम वेळेत केलं तर नगामागे जास्त दर, नाही केलं तर कमी दर. म्हणजे नवखा किंवा अडचणीत सापडलेला माणूस दोन्हीकडून मार खाणार. गँटने १९०१ साली बेथलेहेममध्ये वेगळी पद्धत बसवली. काम पूर्ण होवो न होवो, दिवसाची मजुरी पक्की. पूर्ण झालं तर वर बोनस. गंमत पुढे आहे. आपल्या हाताखालच्या जितक्या माणसांनी बोनस मिळवला, त्या हिशोबाने मुकादमालाही बोनस, आणि सगळ्यांनी मिळवला तर आणखी जादा. झालं! कालपर्यंत जो मुकादम नुसता ओरडायचा तो आता मागे पडलेल्या माणसाला शिकवायला लागला. मास्तर कुठे गेला तरी मास्तरच.

याच बोनसच्या हिशोबातून चार्टला सुरुवात झाली. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे रोजची एक रेघ, बोनस मिळाला तर काळी, नाही मिळाला तर लाल. कुठल्या मुकादमाच्या पानावर लाल जास्त आहे ते लांबूनही कळायचं. १९०३ साली गँटने अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सपुढे उत्पादनाचा रोजचा हिशोब आकृतीत मांडण्यावर एक पेपर वाचला. पुढची वर्षं सल्लागार म्हणून कारखान्या-कारखान्यांत गेली. १९१० साली वर्क, वेजेस अँड प्रॉफिट्स हे पुस्तक निघालं. १९१४ साली तो त्याच सोसायटीचा उपाध्यक्ष झाला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कारोल अदामिएत्स्की नावाच्या पोलिश इंजिनिअरने १८९६ च्या सुमारास, म्हणजे गँटच्या आधीच, कामांचा वेळेनुसार असा आलेख बनवला होता. त्याचं नाव हार्मोनोग्राम. पण त्याने लिहिलं पोलिश आणि रशियन भाषेत. इंग्रजी जगाला पत्ताच लागला नाही आणि नाव झालं गँटचं. मराठी विभागात लिहिणाऱ्यांनी यावर थोडं मनात झुरून घ्यावं आणि पुढे जावं.

आता १९१७. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्याच्या ऑर्डनन्स खात्याचा प्रमुख जनरल विल्यम क्रोझियर याने गँटला मदतीला घेतलं. रायफली, काडतुसं, तोफगोळे, हजार वस्तू, शेकडो कारखाने. प्रत्येक कारखान्याचं काम म्हणजे एक स्वतंत्र प्रोजेक्ट. अहवाल ढीगभर येत होते, पण त्यात काय असायचं? एवढे पैसे मंजूर झाले, एवढ्या ऑर्डरी दिल्या. माल कधी मिळणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. गँटचं म्हणणं एकच होतं, की सगळं वेळेत मोजा.

त्याची युक्ती आजच्या पट्टीपेक्षा जास्त हुशार होती असं मला वाटतं. समजा जानेवारीत १०० रायफली करायच्या आहेत आणि फेब्रुवारीत ३००. कागदावर दोन्ही महिन्यांचे रकाने सारख्याच रुंदीचे. प्रत्येक रकान्यात त्या महिन्याचा ठरलेला आकडा. त्या महिन्यात जेवढं झालं त्याच्या प्रमाणात एक बारीक रेघ आणि सुरुवातीपासून जेवढं झालं त्याची खाली जाड रेघ. फेब्रुवारीअखेर एकूण २५० झाल्या असतील तर जाड रेघ जानेवारी ओलांडून फेब्रुवारीच्या बरोबर मध्यावर थांबेल. वरच्या बाजूला आजच्या तारखेची खूण. खूण आणि जाड रेघेचं टोक यांत जेवढं अंतर, तेवढे दिवस आपण मागे. वस्तू कुठलीही असो, रायफल असो की बूट, उत्तर दिवसांतच येणार. म्हणून तर वेगवेगळ्या वस्तू एकाच पानावर, एकाखाली एक मांडता येतात आणि त्यांची तुलना होते.

आणि इथेच ती आपली हायरार्की येते. शुद्ध मराठीत श्रेणीबद्ध रचना म्हणतात म्हणे, पण आपण हायरार्कीच म्हणू. गँटचा सहकारी वॉलेस क्लार्क याने १९२२ साली या चार्टवर एक पूर्ण पुस्तक लिहिलं. त्यात कारखान्यातले चार्ट कसे रचायचे ते दिलं आहे. प्रत्येक कामगाराची एक रेघ, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे मुकादमाची रेघ, मुकादमांची बेरीज म्हणजे खात्याची रेघ. वरच्या साहेबाने फक्त वरची रेघ बघायची, ती मागे दिसली तर खाली उतरत जायचं आणि नेमकी अडलेली जागा गाठायची. एमएस प्रोजेक्टमध्ये आपण टास्क इंडेंट करतो आणि वरचा टास्क काळ्या पट्टीचा समरी टास्क होतो, ते हेच. फरक इतकाच की तेव्हा ही बेरीज कारकून हाताने करायचे, पेन्सिल आणि पट्टी घेऊन, रोज.

पण गँटच्या चार्टमध्ये आणखी एक गोष्ट होती. रेघ जिथे कमी पडली तिथे एक अक्षर लिहायचं, का कमी पडली त्याचं. ए म्हणजे माणूस गैरहजर. जी म्हणजे नवशिका. आय म्हणजे सूचनाच मिळाल्या नाहीत. एम म्हणजे मालाची अडचण, आर म्हणजे मशीन दुरुस्तीला, टी म्हणजे हत्यारांची अडचण. कामगार खरोखरच हळू असेल तर एल. जरा ही यादी नीट बघा. यातली किती कारणं कामगाराच्या हातातली आहेत? माल आणणं, हत्यारं देणं, शिकवणं, सूचना देणं ही सगळी वरच्या माणसाची कामं. रेघ कामगाराची, पण बोट साहेबाकडे! कामगार अडला तर आधी व्यवस्थापनाकडे बघा, ही गँटची भूमिकाच होती, आणि मालक लोकांना ती फारशी आवडण्यासारखी नव्हती.

युद्धाच्या शेवटच्या काळात त्याने जहाजबांधणीसाठी, इमर्जन्सी फ्लीट कॉर्पोरेशनमध्येही हेच चार्ट नेले. त्याच्या आधी, १९१६ साली, न्यू मशीन नावाची एक संघटनाही काढून बघितली. उद्योगांचा कारभार पैसेवाल्यांकडून काढून काम समजणाऱ्या इंजिनिअरांकडे द्यावा, असा तिचा सूर होता. ती काही चालली नाही. (इंजिनिअरांच्या हाती मेस कमिटी दिली तरी काय होतं ते आपण रोज जेवतोच.) १९१९ साली त्याचं शेवटचं पुस्तक, ऑर्गनायझिंग फॉर वर्क, निघालं आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, ५८ व्या वर्षी, तो गेला. १९२९ मध्ये त्याच्या नावाने पदक सुरू झालं. त्याच वर्षी त्याचा दुसरा सहकारी वॉल्टर पोलाकोव्ह हे चार्ट घेऊन थेट सोव्हिएत रशियात पोचला.

गँटच्या चार्टमध्ये एक उणीव होती. कुठलं काम कुणावर अवलंबून आहे ते त्यात दिसायचं नाही. ते बाण आले १९५७-५८ मध्ये, ड्युपाँट कंपनीचं सीपीएम आणि अमेरिकन नौदलाचं पर्ट घेऊन. १९६२ साली अमेरिकन संरक्षण खातं आणि नासा यांनी मोठं काम फोडत फोडत खाली नेण्याची पद्धत छापून काढली, तीच आपली डब्ल्यूबीएस, १, १.१, १.१.१ वाली. मग १९८४ मध्ये डॉसवर आणि १९९० मध्ये विंडोजवर एमएस प्रोजेक्ट आलं आणि हे सगळं एका स्क्रीनवर बसलं. टेक फेस्टचं उदाहरण घ्या. स्टेजवाल्यांची एक फाइल, स्पॉन्सरशिपवाल्यांची दुसरी, रोबोटिक्सची तिसरी. एक रिकामी मास्टर फाइल उघडून त्यात या तिन्ही सबप्रोजेक्ट म्हणून इन्सर्ट केल्या की प्रत्येक फाइल तिथे एकेक समरी टास्क बनते. ज्याची फाइल तो आपली बदलत राहतो, मास्टरमध्ये लिंक असल्यामुळे बदल आपोआप दिसतो. तिघांनी मिळून एकच रिसोर्स पूल वापरला तर एकच प्रोजेक्टर एकाच दिवशी तीन ठिकाणी मागितलाय, हेही पकडलं जातं.

पण बेरीज करताना एक घोळ होतो, तो समजून घ्या. स्टेजच्या समरीखाली दोन कामं आहेत. डेकोरेशन २० दिवस, पूर्ण झालं. मैदानाची लेखी परवानगी २ दिवस, सुरूच नाही. सॉफ्टवेअर दिवसांच्या प्रमाणात टक्के काढतं, म्हणजे २२ पैकी २० दिवस, समरीवर ९१ टक्के! वरून बघणाऱ्या जीएसला वाटतं, स्टेज जवळजवळ तयार. प्रत्यक्षात परवानगीशिवाय मैदानावर एक खुर्चीसुद्धा मांडता येणार नाही. जेवढे मजले वाढवाल तेवढं हे खालचं शून्य आणखी आत दडतं. आजच्या तारखेची रेघ चालू ठेवली आणि समरी मिटवून न ठेवता खालपर्यंत उघडून बघितली तरच ते सापडतं.

आणि ती अक्षरं? पट्ट्या आल्या, बाण आले, टक्के आले, अक्षरं मात्र मागेच राहिली. एमएस प्रोजेक्टमध्ये टेक्स्ट१ नावाचा एक रिकामा कॉलम असतो, तो कुणी वापरत नाही. आमच्या मिनी प्रोजेक्टच्या ग्रुपने त्यात गँटची अक्षरं घातली, प्रत्येक उशिरा पट्टीपुढे एक. सेमिस्टरअखेर मोजलं तर एल फक्त दोन निघाले. एम नऊ होते, कारण आयसी मिळायला शहरभर फिरावं लागलं. आणि आय सहा. ते सहा आय घेऊन ग्रुप लीडरच्या खोलीवर कोण जाणार, यावर बराच वेळ चर्चा झाली.