डॉ. आनंदीबाई जोशी : क्षयाने हिरावलेली डॉक्टर

अमेरिकेत जाऊन एम.डी. झालेल्या पहिल्या भारतीय महिला म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले आहे. त्यांच्या जिद्दीच्या कथा शाळेच्या पुस्तकांपासून २०१९च्या चित्रपटापर्यंत अनेकदा सांगितल्या गेल्या. त्या मानाने त्यांच्या आजारपणाकडे मात्र फारसे कोणी थांबून पाहिलेले नाही.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नवव्या वर्षी विवाहानंतर आनंदी झाली. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तो पुरा करण्यासाठी ते प्रसंगी हातही उगारत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. वेळीच योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो जगला असता, ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातून झाला.

गोपाळरावांच्या बदल्यांमागून हे बिऱ्हाड कलकत्त्याला गेले. तेथेच आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप लागणे. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी तिकडून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. अशा शरीराने १८८३ मध्ये त्या पतीविना बोटीत चढल्या. समुद्र ओलांडून परधर्मीयांच्या देशात जाणाऱ्या ब्राह्मण स्त्रीवर टीकेचा भडिमार झाला, हे सांगायलाच नको. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात कडाक्याची थंडी, अपुरी ऊब, परके अन्न आणि अभ्यासाचा ताण यांनी त्यांना पोखरले. तेथेच क्षयाने त्यांना गाठले. तरीही त्या थांबल्या नाहीत. हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या आदल्या वर्षी, जगापुढे आणला होता. शत्रू कळला होता, शस्त्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. आयसोनायझिडचा वापर १९५२ पासून सुरू झाला. स्वतः डॉक्टर असूनही आनंदीबाईंच्या हाती विश्रांती, हवापालट आणि चांगले अन्न यांपलीकडे काही नव्हते. आणि तेही त्यांच्या वाट्याला पुरेसे आले नाही.

आजची स्थिती वेगळी आहे. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारच्या मुलालाही सरकारी उपचार मोफत मिळतात आणि साध्या क्षयातून सहा महिन्यांच्या औषधांनी बहुतेक मुले बरी होतात. अडचण असते ती निदानात. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यांच्यात जंतूही कमी असतात. वजन न वाढणे आणि रेंगाळणारा ताप घरच्यांना किरकोळ वाटतो. मुलाला संसर्ग बहुधा घरातील आजारी मोठ्या माणसाकडूनच होतो, म्हणून एका रुग्णाबरोबर सारे घर तपासावे लागते. वजनानुसार मात्रा, पोटभर सकस आहार आणि बरे वाटू लागल्यावरही गोळ्या न सोडणे, यांवर यश ठरते. कुपोषित मुलाच्या बाबतीत औषध एकटे पुरे पडत नाही. पोषणासाठी क्षयरुग्णांना एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यात येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली.

आनंदीबाई १८८६च्या अखेरीस मायदेशी परतल्या, तेव्हा कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे पद त्यांची वाट पाहत होते. ज्या स्त्रियांसाठी त्या शिकल्या, त्यांच्यापैकी एकीवरही तेथे त्यांना उपचार करता आले नाहीत. लोकमान्य टिळकांनी पत्रासोबत १०० रुपये पाठवले; पुण्यात उपचारही झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास महिन्याभराचा अवधी होता. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवण्यात आल्या.