कपाशीच्या मुलखात लोकांच्या ताटाची काळजी करणारे कार्व्हर मास्तर

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोचलं ते वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ च्या पुस्तकामुळे. शेंगदाण्यापासून तीनशे वस्तू बनवणारा अमेरिकेचा काळा शास्त्रज्ञ, अशी त्यांची ओळख. मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये तर पीनट बटरचा शोधही त्यांच्या नावावर खपवला जातो. तो त्यांनी लावलेला नाही. आणि त्या तीनशे वस्तूंपैकी बाजारात फार थोड्या टिकल्या. त्यांचं मोठं काम वेगळंच होतं. उधारीत बुडालेल्या शेतकऱ्याच्या ताटात त्याच्याच वावरातलं अन्न परत आणायचं, यासाठी हा माणूस ४६ वर्षं राबला.

जन्म साधारण १८६४ चा, मिसुरी राज्यातला. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या पोराची तारीख कोण लिहून ठेवणार? तान्हा असतानाच लुटारूंनी आईसकट त्याला पळवलं. आई पुन्हा कधीच सापडली नाही. पोर तेवढं परत मिळालं, त्याच्या बदल्यात मालक मोझेस कार्व्हर यांनी एक घोडा दिला. पुढे गुलामगिरी संपली आणि मोझेस व त्यांची बायको सुझान यांनीच त्याला वाढवलं. पोर कायम आजारी. शेतातलं जड काम झेपायचं नाही, म्हणून जॉर्ज सुझानबाईंच्या हाताखाली चुलीपाशी, धुण्यापाशी आणि भाजीच्या वाफ्यात असायचा. पुढच्या सगळ्या कामाचं बी तिथं पडलं म्हणायला हरकत नाही.

शाळेसाठी तो लहानपणीच घर सोडून निओशो गावात गेला. तिथं मरिया वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्याला घरात ठेवून घेतलं. त्या बाईला झाडपाल्याची चांगली जाण होती. नंतर कितीतरी वर्षं लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून शिक्षण. कॅन्ससमधल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, पण समोर उभा राहिल्यावर कातडी बघून परत पाठवलं. शेवटी आयोवा राज्यात दार उघडलं. १८९४ मध्ये शेतीची पदवी आणि १८९६ मध्ये वरची पदवी घेतली. तिथंच चांगली नोकरी करत राहता आलं असतं. पण त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचं बोलावणं आलं आणि कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगीच्या शाळेत दाखल झाले.

तिथलं चित्र कपाशी पिकवणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. गुलामगिरी कायद्याने गेली होती, पण जमीन गोऱ्या मालकाची आणि कसणारा काळा माणूस वाट्याने करणारा. कपाशी अगदी झोपडीच्या दारापर्यंत लावलेली. परसात चार वांगी-मिरच्यांनाही जागा नाही, कारण मालकाला आणि दुकानदाराला कपाशीच हवी. खायचं सगळं त्या दुकानातून उधारीवर. हिशेब कपाशी विकल्यावर, आणि तो बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या अंगावरच यायचा. ताटात मक्याचं पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी. बारा महिने हेच. पोट भरायचं, पण अंगाला काही लागायचं नाही.

अशा खाण्यातून त्या भागात पेलाग्रा नावाचा रोग बोकाळला. उन्हात उघडं राहणारं कातडं काळं पडून सोलायचं, जुलाब लागायचे, माणूस भ्रमिष्ट व्हायचा. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने तो होतो हे १९३७ साली पक्कं झालं. आपल्या दख्खनमध्येही जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग दिसला होता. शेंगदाण्यात हे जीवनसत्त्व भरपूर असतं. कार्व्हर यांना नायसिन हे नाव तेव्हा ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण या ताटात डाळ नाही, भाजी नाही, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

शाळेच्या प्रयोगशेतीला सरकारी मदत होती वर्षाला १,५०० डॉलर. जमीन अगदी निकस. विकतचं खत शेतकऱ्याला परवडणार नाही, म्हणून कार्व्हर यांनी पालापाचोळा, दलदलीतला गाळ आणि शेणखत वापरून दाखवलं. चवळी घेतली, रताळी घेतली, मग भुईमूग घेतला. शेंगवर्गीय पिकाचा बेवड कपाशीला किती मानवतो हे आपल्या जुन्या माणसांनाही माहीत होतं. पण कार्व्हर यांचा हिशेब बेवडावर थांबत नव्हता. जमिनीला नत्र देणारी चवळी घरातल्या पोराला प्रथिनंही देते, हे त्यांना पटवायचं होतं.

ते पटवायला त्यांनी पुस्तिका काढल्या. सगळ्या मिळून ४४. शेतकऱ्याला पीक कसं घ्यायचं ते, मास्तरांना थोडं शास्त्र आणि घरच्या बाईला करायच्या पदार्थांच्या कृती, असं सगळं त्यात असायचं. १९१६ ची भुईमुगावरची पुस्तिका सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात खाण्याचे १०५ प्रकार होते, सूप, पाव, अगदी कोंबडीच्या मटणाची नक्कलसुद्धा. टोमॅटोवर वेगळी, रताळी टिकवण्यावर वेगळी. तीनशे वस्तूंचं जे कौतुक होतं, त्याचं मूळ या चुलीपाशी आहे. पीक लावलं पण खायचं कसं माहीत नाही, तर ते पीक दुसऱ्या वर्षी कोणी लावत नाही.

पण ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? म्हणून १९०६ मध्ये फिरती शाळा निघाली. खेचरं जोडलेली गाडी, तिच्यात नांगर, बियाणं, दूध घुसळायची भांडी, तक्ते. न्यूयॉर्कचे धनिक जेसप यांनी पैसा दिला म्हणून जेसप गाडी हे नाव. गाडी थांबेल तिथं माणसं जमायची. पुरुषांना मशागत, बायांना भाज्या-फळं वाळवून आणि टिकवून ठेवणं दाखवलं जायचं. कामाच्या दिवशी रोज ५ सेंट बाजूला टाका, वर्षाअखेरीस थोडी जमीन घेता येईल, असा हिशेबही कार्व्हर मांडून द्यायचे.

सगळं जमलं असं नाही. वाट्याने करणाऱ्याला काय पेरायचं हे ठरवायचा हक्कच नव्हता. मालक कपाशी म्हणाला की कपाशी. पुढे बोंडअळ्याचा भुंगा अलाबामात शिरला, कपाशी उद्ध्वस्त झाली आणि भुईमुगाला जागा मिळाली. त्याचं सगळं श्रेय एकट्या कार्व्हर यांना देतात ते बरोबर नाही. पण तो कसा पिकवायचा आणि कसा खायचा हे लोकांपुढे छापून ठेवलेलं होतं, हे त्यांचंच काम.

त्यांच्या पुस्तिका १९२९ मध्ये गांधीजींपर्यंत पोचल्या. आहाराबद्दल दोघांचा पत्रव्यवहारही झाला. पैशाच्या बाबतीत माणूस विलक्षण होता. लग्न केलं नाही, पगारवाढ मागितली नाही. आयुष्यभराची शिल्लक, सुमारे ६० हजार डॉलर, संशोधनासाठी देऊन टाकली.

१९४२ मध्ये युद्धाची टंचाई होती. म्हाताऱ्या कार्व्हर यांनी तेव्हा आणखी एक पुस्तिका काढली, रानभाज्यांवर. आपण निंदणीत उपटून बांधावर फेकतो ती घोळ आणि चाकवत तिच्यात होती. पुढच्या वर्षी, ५ जानेवारी १९४३ रोजी, ते गेले. टस्कीगीतच, बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरलं आहे.