नेमबाज ॲनी ओक्ले

बंदूक आणि स्त्री यांची सांगड आमच्या वाचकभगिनींस विलक्षण वाटेल. परंतु जिचे चरित्र आम्ही येथे देत आहोत तिने बंदुकीच्या बळावरच आईचे गहाण पडलेले घर सोडविले.

ॲनीचा जन्म अमेरिकेतील ओहायो संस्थानात १३ ऑगस्ट १८६० रोजी झाला. १८६६ साली पितृछत्र हरपले आणि पोर काही काळ अनाथालयात व परक्यांच्या घरी राबली. परत आल्यावर ती रानपाखरे टिपून ग्रीनव्हिलच्या दुकानदारास विकू लागली. पुढे फ्रँक बटलर या नामांकित नेमबाजास तिने पैजेत हरविले. गृहस्थाने राग न धरता तिच्याशी विवाह केला व स्वतः मागे राहून तिला पुढे केले. असे पती कोठेही विरळाच!

१८८५ पासून बफेलो बिलच्या खेळात तिची कीर्ती झाली. १८८७ साली लंडनमध्ये मात्र तेथील चपळ कबुतरे तिला दाद देईनात. तेव्हा तिने चार्ल्स लँकेस्टर या पेढीकडून आपल्या अंगाबांध्यास बेतलेली हलकी बंदूक करून घेतली व पुन्हा सराव आरंभिला.

या सरावाचे मर्म सांगितले पाहिजे. छऱ्यांस पोहोचण्यास क्षणार्ध लागतो. तेवढ्यात उडते बदक पुढे गेलेले असते. म्हणून नेम पक्ष्याच्या पुढे धरावा लागतो आणि चाप ओढतानाही नळी फिरती ठेवावी लागते. हे पुस्तकाने येत नाही, हातास वळण लागावे लागते. शरदात बदके दक्षिणेकडे उतरतात. तोपर्यंत शिकाऱ्याने करावे काय? स्वतः बदकांचा धंदेवाईक शिकारी असलेल्या बोगार्डसने १८७७ साली काचेचे गोळे उडविणारे यंत्र काढले. १८८० साली लिगोव्स्कीने मातीच्या चकत्या आणल्या. ॲनीने दोहोंवर हात बसविला. (आपल्या देशात १९७२ च्या कायद्याखाली वन्यपक्ष्यांस संरक्षण आहे, चकत्यांवरील नेमबाजी मात्र ऑलिंपिकमध्ये आजही चालते.)

१९०३ साली वृत्तपत्रांनी तिच्यावर चोरीचा खोटा आळ छापला. तिने ५५ पत्रांवर दावे लावले आणि एक वगळता सर्वांत तिची सरशी झाली. त्यात वर्षे गेली, पैसाही गेला. परंतु अब्रूपुढे तिने पैसा मोजला नाही.

पुढे मेरिलंडमधील केंब्रिज गावी खाडीकाठी तिने घर बांधले. माडीच्या खिडकीतून छपरावर उतरून बदके टिपता यावीत अशी त्याची रचना करविली, असे सांगतात. त्यानंतर पाइनहर्स्ट येथे तिने शेकडो स्त्रियांस बंदूक शिकविली. साठी उलटल्यावर, १९२२ साली, तिने तेथे १६ यार्डांवरून ओळीने १०० चकत्या फोडल्या. त्याच वर्षी मोटार उलटून पाय जायबंदी झाला. पायास लोखंडी आधार बांधून ती पुन्हा मैदानात उभी राहिली.

३ नोव्हेंबर १९२६ रोजी ग्रीनव्हिल येथे तिचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी फ्रँक बटलरही गेले.