बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू होते. ते डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. पी. बाळू या नावानेही ते ओळखले जात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजातून आलेल्या बाळूंची गणना भारतातील पहिल्या थोर गोलंदाजांमध्ये होते. मैदानाची निगा राखणारा नोकर म्हणून त्यांचा क्रिकेटशी संबंध सुरू झाला आणि १९११ साली ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचे प्रमुख गोलंदाज झाले.

बालपण

पालवणकर हे आडनाव कोकणातील मूळ गावावरून आलेले आहे. वडील लष्करी सेवेत असल्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य पुण्यात झाले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट खेळायला शिकले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन बंधूही पुढे नामांकित खेळाडू झाले.

मैदानावरील नोकरी

बाळूंनी पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर केली. खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रोलर फिरवणे हे त्यांचे काम होते आणि दरमहा तीन रुपये वेतन मिळे. सभासदांना सरावासाठी ते अधूनमधून गोलंदाजीही करीत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चार रुपये वेतनावर रुजू झाले. तेथे खेळपट्टी तयार करणे, रेषा आखणे व नेट उभारणे या कामांबरोबर सभासदांना गोलंदाजी करणे हा त्यांच्या नोकरीचा नियमित भाग झाला.

या सभासदांत जे. जी. ग्रेग हे त्या काळातील भारतातील अग्रगण्य युरोपियन फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी ते बाळूंना आठ आणे देत, असे सांगितले जाते. तासन्‌तास केलेल्या या गोलंदाजीमुळे चेंडूची दिशा, टप्पा व उंची यांवर बाळूंनी विलक्षण हुकमत मिळवली. चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची कलाही त्यांना साधली. मात्र या संपूर्ण काळात नेटमध्ये त्यांना एकदाही फलंदाजी करू देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा अधिकार समजला जाई.

पुण्याच्या हिंदू संघात प्रवेश

पुण्यातील हिंदू खेळाडूंचा संघ युरोपियनांशी सामने खेळू लागला, तेव्हा बाळूंना संघात घेण्यावरून मतभेद झाले. काही तेलुगू सभासद त्यांना घ्यावे या मताचे होते, तर मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. बाळूंना वगळणे हा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनी जाहीरपणे मांडल्यानंतर त्यांचा मार्ग मोकळा झाला.

संघात घेतल्यानंतरही अस्पृश्यता पाळली गेली. मैदानावर बाळूंच्या हातातील चेंडू सर्व खेळाडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणासाठी त्यांचे पान वेगळे मांडले जाई.

सातारा येथील युरोपियनांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना या काळात विशेष गाजला. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून तेथील खेळपट्टीवर अनेक दिवस रोलर फिरवण्यात आला होता. तरीही त्यांनी सात बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर जेवण्यासही हरकत नसावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. बाळ गंगाधर टिळक यांनीही बाळूंचा सन्मान केला.

मुंबईतील कारकीर्द

१८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. त्यांनी काही काळ लष्करात व नंतर बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या काही सभासदांनी त्यांच्या प्रवेशाला आक्षेप घेतला होता. कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे त्यांना संघात स्थान मिळाले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या, तर युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत संपले. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. शिवरामही याच संघात होते. पुण्यात वेगळे बसवले गेलेले बाळू मुंबईत सहकाऱ्यांच्या पंक्तीला बसू लागले होते. समकालीन सुधारकांनी विजयाइतकेच महत्त्व या बदलालाही दिले.

इंग्लंड दौरा

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक ठरली, परंतु बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. प्रथम श्रेणी कारकिर्दीत ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी त्यांच्या नावावर आहेत.

कर्णधारपदाचा प्रश्न व उत्तरायुष्य

संघातील सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान बाळूंचा होता, असे स्वतः सांगितले. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि विठ्ठल यांचाही कर्णधारपदासाठी विचार झाला नाही. त्याच्या निषेधार्थ पालवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. त्यानंतरच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे कराराला त्यांनी पाठिंबा दिला. १९३७ मध्ये मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत त्यांनी काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली. त्यांना ११,२२५, तर आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली. तरुणपणी आंबेडकरांना बाळूंच्या कर्तृत्वाचा अभिमान वाटत असे. ४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे निधन झाले.